काकांच्या साइडकारची किंमत

आमच्या घराण्यात वाटणीच्या वस्तूची किंमत बांधायची एक रीत आहे. ती ज्या पूर्वजाने काढली त्याला मी मनातल्या मनात बऱ्याचदा शिव्या घातल्या आहेत. किंमत बाहेरचा माणूस बांधत नाही, घरातलाच पण वाटेकरी नसलेला माणूस बांधतो. विठ्ठलाच्या देवळात चार लोकांसमोर तो आकडा बोलतो. वाटेकऱ्यांपैकी कुणी त्या किमतीला वस्तू घेतली तर ठीक, नाही तर बोलणाऱ्यानेच तेवढे पैसे मोजून ती घरी न्यायची. यामुळे माणूस खरं बोलतो म्हणे. माझ्या अनुभवाने सांगतो, यामुळे माणूस आधी तोंड लपवतो.

मला लपवायला जागा नव्हती. विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्यांची पाहणी करणं हाच माझा धंदा. ठोकलेली जीप असो की उलटलेला टेम्पो, नुकसान किती हे सांगायला म्हैसूरभर मलाच बोलवत. त्यामुळे काका गेले आणि त्यांच्या मोटारसायकलचा प्रश्न आला, तेव्हा सगळ्यांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. मी खोकलो, गुडघेदुखीचं कारण सांगितलं. कुणी ऐकलं नाही.

काका शिंपी. गणवेश आणि कोट शिवण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या गल्लीत कुणी नव्हता. लष्कराच्या लिलावातून निघालेली एक जुनी विलायती मोटारसायकल त्यांनी तरुणपणी घेतली होती, साइडकारसकट. सुरुवातीला साइडकारमध्ये कापडाचे तागे असत. लग्न झाल्यावर तिथे काकी बसायला लागली. मग काकांनी साइडकारवर कॅनव्हासचं टप चढवलं, समोर काच लावली, कोटाच्या उरलेल्या कापडाची गादी शिवली, एका बाजूला दार बसवलं. गल्लीतली पोरं तिला तोट्टिलु म्हणत, म्हणजे पाळणा. कुठेही पोचले की काका उतरत, गाडीला वळसा घालत आणि काकीसाठी दार उघडून उभे राहत. आमच्या बायका नवऱ्यांना ते उदाहरण देऊन देऊन छळत. माझीही त्यातलीच.

काकांना दोन मुलगे. थोरला म्हैसूरच्या टोकाला हिनकलला राहायचा, धाकटा बेंगळूरला. घराचं दुकान आणि वरचा मजला भाड्याने द्यायचं ठरलं. राहिली गाडी आणि राहिली काकी. तेव्हा थोरला सगळ्यांसमोर म्हणाला की आईला गाडीशिवाय करमणार नाही, तेव्हा गाडी जाईल तिथे आई जाईल. ऐकून बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मलाही गलबलून आलं, खोटं कशाला बोलू. काकी खाली बघत सुपारी कातरत होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

आता माझी कोंडी बघा. गाडी थोरलाच घेणार हे उघड होतं, म्हणजे निम्मी किंमत त्याने धाकट्याला द्यायची. बैठकीच्या आदल्या आठवड्यात थोरला माझ्याकडे मैसूरपाक घेऊन आला. गाडी म्हणजे भंगार आहे, पण भावना आहेत म्हणून नेतो, असं तो परत परत सांगत होता. घरात दोन लहान मुलं, नवरा-बायको दोघंही नोकरीला, आई आली की मुलांची सोय होईल, हेही बोलता बोलता निघालं. दुसऱ्या दिवशी धाकट्याचा फोन. बेंगळुरात अशा गाड्यांसाठी लोक वेडे झालेत, दादाच्या दबावाखाली येऊ नकोस. एकाला कमी आकडा हवा, दुसऱ्याला जास्त. खरा सांगितला तरी दोघांपैकी एक जण जन्मभर माझ्या दारात पाऊल ठेवणार नव्हता. आणि फारच चुकला तर गाडी माझ्या गळ्यात. माझ्या अंगणात बायकोची तुळस आणि माझी स्कूटर यापलीकडे काही मावत नाही.

बैठकीच्या दिवशी दुपारी मी पाहणीला गेलो. दोघे भाऊ दार उघडून देऊन कोपऱ्यावर कॉफी प्यायला निघून गेले, एकमेकांशी न बोलता. गाडी मागच्या अंगणात पत्र्याखाली उभी होती. मी वाकून इंजिन नंबर बघितला. तो मूळ चॅसिसचा नव्हता, दुसरंच इंजिन कधीतरी बसवलेलं होतं. पुढचा फोर्क देशी गाडीचा, हेडलाइट स्कूटरचा. टाकीला काकांनी स्वतः निळा रंग दिला होता, त्यात ब्रशचे केस अजून अडकलेले दिसत होते. जुन्या गाड्यांचे शौकीन मूळ वस्तूला पैसे देतात. माणूस गाडी जितकी आपली करत जातो, तितकी तिची किंमत उतरत जाते. माझ्या डोक्यात आकडा तयार झाला. खरा होता आणि कमी होता. थोरल्याला परवडणारा. धाकट्याच्या शिव्या खायची मी मनाची तयारी केली.

साइडकारची गादी आणि तळ तेवढा बघायचा राहिला होता. तळाचा पत्रा गंजलाय का हे बाहेरून कळेना, म्हणून मी आत शिरलो. पोट आवळून, टपाच्या सळईखालून डोकं घालून कसाबसा बसलो. दार ओढून घेतलं. खट्ट आवाज झाला.

पत्रा ठीक होता. बाहेर पडायला दार ढकललं तर हलेना. आतल्या बाजूला हात फिरवला. कडी नाही, मूठ नाही, काहीच नाही. नुसता गुळगुळीत पत्रा. वर टप, समोर काच, गुडघे छातीला टेकलेले. मी खांदा मारून बघितला, गाडी स्प्रिंगवर डुलली आणि थांबली. घामाने शर्ट पाठीला चिकटला. आपण मोठे तज्ज्ञ आणि पाळण्यात अडकलोय, म्हणून आधी हसू आलं. मग श्वास कमी पडतोय असं वाटायला लागलं आणि हसू पळालं. मी दोघा भावांना हाका मारल्या. त्यांच्याऐवजी काकी आली, पदराला हात पुसत.

"काकी, दार उघडा जरा," मी म्हणालो.

तिने उघडलं नाही. दाराच्या बाहेर पितळेची, आपोआप बसणारी कडी होती, तिच्यावर हात ठेवून ती उभी राहिली. मला कॅनव्हासच्या फटीतून तिच्या बांगड्या तेवढ्या दिसत होत्या.

"सुम्ने, गप्प बस रे अप्पा, स्वल्प वेळ," ती म्हणाली. "बघ कसं वाटतंय ते."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच मी दार ढकलायचं थांबवलं. मग ती सांगत गेली. लग्नानंतर हुणसूर रस्त्यावर एकदा दार आपोआप उघडलं आणि ती पडता पडता वाचली. काकांनी त्याच संध्याकाळी आतली कडी काढून बाहेर बसवली. तिच्या काळजीनेच, त्यात शंका नाही. पण ती तशीच राहिली. काका गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला जात, बाजारात कोणी भेटला की गप्पांत रमत, आणि काकी आत. ते आले की उघडणार. एकदा ते बैलकुप्प्याला गेले होते, तिबेटी भिक्खूंच्या तांबड्या कापडाचं काम घ्यायला. मठाच्या आवारात गाडी उन्हात उभी. येणारे-जाणारे भिक्खू तिच्याकडे बघून हसत होते, तीही हसत होती. घशाला कोरड पडली होती, पण कुणाला उघडा म्हणायची लाज वाटली. नवऱ्याने कोंडून ठेवलंय असं कुणी म्हटलं असतं तर त्यांची बदनामी झाली असती.

"चांगले होते रे ते," ती म्हणाली. "पण साकु झालं मला, पुरे झालं. लोक म्हणायचे, बघा कसा दार उघडतो. मला उघडताच येत नव्हतं, हे कुणी बघितलंच नाही."

मी विचारलं की गाडीही नको आणि हिनकलही नको, हे मुलांना सरळ का सांगत नाही. ती हसली. सांगितलं तर म्हातारी रुसली म्हणतील आणि चार दिवसांनी समजूत घालून नेतील, असं तिचं म्हणणं. गाडी घरात आहे तोवर सगळ्यांना वाटणार की हिला तिच्यातच बसायचंय. तिला दुकानामागची खोली हवी होती. तिथे काकांचं जुनं मशीन होतं, साड्यांना फॉल लावायचं काम येत होतं, आणि देऊळ चालत जाण्यासारखं होतं. एवढंच.

"तुला रीत माहीत आहे," ती म्हणाली, आणि कडी सरकवली.

बाहेर आलो तेव्हा पाय बधिर झाले होते. तिने मला पाणी दिलं, पण पुढे काही मागितलं नाही. काही मागायची गरजच राहिली नव्हती. दारातून सुटलो होतो, पण तिने मला त्याहून पक्कं अडकवून ठेवलं होतं.

संध्याकाळी देवळात सगळे जमले. थोरला पुढे बसला होता, निश्चिंत. मी विठ्ठलाकडे बघितलं, मग बायकोकडे बघायचं टाळलं आणि आकडा बोललो. तो इथे लिहीत नाही, अजूनही माझ्या घरात त्यावरून भांडण होतं. मूळ इंजिन असतं, मूळ रंग असता, राजवाड्यातून निघालेली असती, तरी त्या गाडीला कुणी तेवढे दिले नसते. धाकट्याचा चेहरा फुलला. थोरल्याचा उतरला. त्याने बायकोशी कुजबुज केली आणि मान हलवली. धाकट्याला विचारलं तर म्हणाला, मला नको, मला फक्त हिस्सा हवा. देवळाच्या पंचांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. गाडी माझी झाली.

"मग आईचं काय?" थोरल्याने विचारलं.

काकी खांबाला टेकून बसली होती. ती उठली नाही, आवाजही चढवला नाही. "तूच म्हणालास ना, गाडी जाईल तिथे आई. गाडी अप्पाकडे चालली. मी काही त्याच्याकडे जात नाही. मागच्या खोलीत राहते."

थोरल्याने स्वतःच चार लोकांत बोललेली गोष्ट होती. पंच म्हणाले, बरोबर आहे, आणि प्रसाद वाटायला घेतला. घरी येताना बायको माझ्याशी एक शब्द बोलली नाही, पुढचे कित्येक दिवस बोलली नाही.

गाडी न्यायला गेलो तेव्हा काकी स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन उभी होती. तिला साइडकारची पितळी कडी काढून हवी होती. मी काढून दिली. दार सुतळीने बांधलं आणि गाडी ढकलत घरी आणली. ती अजून माझ्या अंगणात आहे. तुळस कुंपणाबाहेर गेली, स्कूटर रस्त्यावर असते. कुणी विकत घ्यायला आलंच तर मी देवळात मोजलेली किंमत सांगतो, आणि माणूस हसून निघून जातो.

महिन्याभराने मी काकीकडे गेलो. बायकोच्या साडीला फॉल लावायचा होता, तेवढीच समेटाची आशा. मागच्या खोलीचं दार आतून बंद होतं. मी थाप मारली.

"आले रे," आतून आवाज आला. मशीन मात्र थांबलं नाही. काकीने सगळी शिवण पुरी केली, दोरा तोडला, मग चपला सरकल्या. मी बाहेर उन्हात उभा होतो. मग कडी सरकल्याचा आवाज आला, आतल्या बाजूने, आणि काकीने दार उघडलं.