आधी दगड, मग सापसुरळी

जतच्या माळावर नीलकंठ सुतारांनी तीस वर्षं साप धरले आणि लांब नेऊन सोडले. आता ते लेकीकडे ऑकलंडला राहत होते आणि दोनदा गॅस चालू ठेवून फिरायला गेले होते. डॉक्टरांनी वृद्धाश्रम सुचवला.

"त्यांचे हात विसरले नसतील. एकदा बघते, मग ठरवते," त्यांची लेक वल्लरी म्हणाली. सुट्टीत सापसुरळ्या मोजणाऱ्या तिच्या गटाबरोबर ती त्यांना रांगिपोच्या थंड, दगडाळ वाळवंटात घेऊन आली.

"इथे नाग असणार," काठीने दगड चाचपत ते म्हणाले.

"बाबा, या देशात सापच नाहीत."

"मग घाबरलीयस कशाला?"

त्यांनी एक दगड आपल्या बाजूला कलवून अलगद उचलला आणि खालची सापसुरळी ओंजळीत घेतली. तिची शेपटीही तुटली नाही. वल्लरीचे डोळे भरून आले.

आता दगड आधी जागेवर ठेवायचा आणि मग जीव शेजारी सोडायचा. सात वर्षांची असताना तिला हे त्यांनीच शिकवलं होतं. ती वाट पाहत राहिली.

त्यांनी सापसुरळी खड्ड्यात ठेवली, वर दगड ठेवला आणि पायाने नीट दाबला.

"पांघरूण घातलं. थंडी फार आहे."

"चला बाबा, मला एक फोन करायचाय."

"कुणाला गं?"

ती त्यांच्या बोटांची माती पुसत राहिली.