चिलीत न पडलेले टोमॅटो

संशय हा पाहुणा मोठा विचित्र. बोलावल्यावाचून येतो, बसायला पाट मागत नाही, आणि एकदा बसला की घरच्या माणसालाच उठवतो. टोकियोच्या कोतो भागात, नवव्या मजल्यावरच्या एका आटोपशीर घरात, सुहासिनीकडे हा पाहुणा साडेतीन वर्षं मुक्कामाला होता.

सुहासिनी मूळची मिरजेकडची. लग्नाआधी सहा वर्षं तिने एका दूध संघाच्या संकलन केंद्रावर दूध तपासलं. उजाडता उजाडता कॅन यायचे, ती लॅक्टोमीटर बुडवायची, आकडा वाचायची, चिठ्ठी फाडायची. पाणी मारलेलं दूध तिला नुसत्या धारेवरून कळे. "ही बाई अभिषेकाचं दूधसुद्धा आधी तपासेल आणि मग घंटा वाजवेल," असं केंद्रावरची माणसं हसून म्हणत. देवावर तिची श्रद्धा अढळ होती. माणसांनी लिहिलेल्या चिठ्ठीवर मात्र नव्हती. कारण चिठ्ठ्या कशा लिहिल्या जातात हे तिने जवळून पाहिलं होतं.

नवरा विनायक एका बँकेसाठी सॉफ्टवेअर लिहायचा. त्याच्या कंत्राटाबरोबर ती जपानला आली. मुलगी कादंबरी आता नऊ वर्षांची होती; वाक्य मराठीत सुरू करायची आणि जपानीत संपवायची.

दोन हजार अकराच्या मार्चमध्ये धरणी हलली, समुद्र चढून आला आणि फुकुशिमातली अणुभट्टी फुटली. भूकंपाच्या त्या दुपारी लिफ्ट बंद पडली. नवव्या मजल्यावर सुहासिनीचे पाय थिजले होते. तेव्हा शेजारच्या एंदोआजींनी पाच वर्षांच्या कादंबरीचा हात धरला आणि प्रत्येक जिन्यावर एक एक बालगीत म्हणत तिला खाली उतरवलं. सुहासिनी मागून भिंत धरत उतरली. ते उपकार ती विसरली नाही. पण उपकार एका कप्प्यात राहतात आणि भीती दुसऱ्यात, आणि मधलं दार बंद असतं.

तीन महिने माहेरी राहून ती परतली, ती संशय घेऊनच. दुकानात प्रत्येक भाजीवर कुठल्या प्रांतातली ते छापलेलं असे. तिला जपानी वाचता येत नव्हतं, स्वतःचा पत्तासुद्धा नाही. पण फुकुशिमाची दोन अक्षरं तिने आधी शिकून घेतली. ती दिसली की जुडी हातातून सुटायची. काकडी संशयित, पालक संशयित, तांदूळ संशयित. हसून 'ताजं आहे' म्हणणारा दुकानदार तर सर्वांत संशयित.

आणि एंदोआजींचं माहेर नेमकं फुकुशिमात. समुद्रापासून खूप दूर, डोंगराच्या कुशीत. पण प्रांताचं नाव तेच, अक्षरं तीच. त्यांचा भाऊ टोमॅटो पिकवायचा. दर उन्हाळ्यात नि शरदात त्या टोमॅटोंचं खोकं घेऊन दारात उभ्या राहत. सुहासिनी दोन्ही हातांनी खोकं घेई, कमरेत वाके, तीनतीनदा आभार मानी. आणि दार लावलं की टोमॅटो वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकी.

खोक्याच्या तळाशी किरणोत्सर्गाच्या तपासणीचा कागद असे. विनायकने तो एकदा वाचून दाखवला होता. "हे बघ, काहीही आढळलेलं नाही. शिक्का आहे, सही आहे."

"सही मीही करत होते," ती म्हणाली. "ताप असला तरी करत होते. एकदा तर कॅन उघडायच्या आधी केली होती."

"मग आता तुझ्यामुळे जगातला प्रत्येक कागद खोटा?"

"जगातला नाही. माझ्या पोरीच्या ताटातला."

यावर विनायकने वाद घातला नाही. तो गणिताचा माणूस होता; आईच्या भीतीला समीकरण नसतं एवढं त्याला कळत होतं.

दोन हजार चौदाचा ऑक्टोबर उजाडला. कादंबरीने शाळेतल्या मैत्रिणीच्या घरी चिली खाल्ली होती. राजमा, टोमॅटो, कांदा, ढोबळी मिरची आणि जिरं घालून अमेरिकन लोक घट्ट, तिखट रस्सा करतात, ती. महिनाभर तिने आईचा पिच्छा पुरवला. त्याच सुमारास विनायकने विजेवर चालणारा प्रेशर कुकर आणला. सुहासिनीने त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली, भक्तीने नव्हे, चौकशीसाठी.

"शिट्टी कुठाय याची?"

"नाही. आपोआप बंद होतो."

"म्हणजे आत काय चाललंय ते हा सांगणारच नाही?"

"नाही. आणि दाब उतरेपर्यंत झाकणही उघडू देणार नाही."

"वा! घरात अजून एक अबोल आला," ती म्हणाली. शिट्ट्या मोजून जिचा जन्म गेला, तिला हे मुकं भांडं चोरासारखं वाटलं.

शनिवारी विनायक कामावर गेला होता. राजमा भिजून टपोरा झाला होता. दहाच्या सुमारास घंटा वाजली. दारात एंदोआजी, पाठ किंचित वाकलेली, हातात खोकं. सुहासिनीचं जपानी दुकानापुरतं, म्हणून कादंबरी मध्ये दुभाषी.

"आई, त्या म्हणतायत, हे शेवटचे. त्यांचे भाऊ या हिवाळ्यात शेती बंद करणार."

"अगं बाई! त्यांना सांग, वाईट वाटलं."

कादंबरीने सांगितलं. मग तिने स्वतःहून आणखी काही सांगितलं. आजींचा चेहरा एकदम उजळला, त्या वाकल्या आणि गेल्या.

"काय बोललीस?"

"आज चिली करतोय, एक वाजता जेवायला या म्हटलं. तुमचेच टोमॅटो घालणार म्हटलं."

"कुणी सांगितलं तुला शहाणपणा करायला?"

कादंबरी जमिनीकडे बघत म्हणाली, "आई, तू ते टाकतेस ते त्यांना माहितेय."

सुहासिनीच्या हातातलं खोकं ओट्यावर टेकलं. "काय?"

"गेल्या शुक्रवारी खालच्या कचऱ्याच्या जागेवर लक्ष ठेवायची पाळी त्यांची होती ना? कावळ्यांनी पिशव्यांवरची जाळी ओढून आपली पिशवी फाडली. टोमॅटो पार रस्त्यावर गेले. त्या एकेक उचलत होत्या. मी शाळेत जात होते."

"काही म्हणाल्या?"

"म्हणाल्या, कावळ्यांना तरी आवडले."

ते ऐकून सुहासिनीला पिंडाचा कावळा आठवला. आपल्याकडे कावळा शिवावा म्हणून माणसं हात जोडून ताटकळतात. गेलेल्याचा जीव कशात अडकला ते त्या एका चोचीवरून ओळखतात. आणि इथे एका म्हाताऱ्या बहिणीने भावाच्या कष्टाला कावळा शिवलेला पाहिला होता. तोही कचऱ्यात.

लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण लाजेच्या आधी संशय धावला. माहीत असून परत का आणले? माहीत असून हसल्या कशा? आज येतात त्या जेवायला येतात की साक्षीला? एवढ्या गोड माणसाच्या मनात काय असेल? टोमॅटोवरचा संशय टोमॅटो आणणारीवर चढला, वेल कुंपणावर चढावा तसा, आणि बघता बघता कुंपण दिसेनासं झालं.

तिने ठरवलं. खोकं सिंकखालच्या कपाटात सरकवलं. फडताळातून इटलीहून आलेल्या टोमॅटोचा डबा काढला.

"आई, पण मी त्यांना सांगितलंय—"

"तू अभ्यासाला बस."

कुकरच्या भांड्यात तेल तापलं. जिरं तडतडलं, कांदा गुलाबी झाला, लसूण पडला, ढोबळी मिरची पडली. माहेरून आलेलं कांदा-लसूण तिखट दोन चमचे पडलं आणि खिडकी उघडावी लागली. राजमा गेला, मक्याचे दाणे गेले, डब्यातले टोमॅटो गेले, मीठ गेलं, बेताचं पाणी गेलं. झाकण फिरलं. खट्ट असा आवाज झाला, कुलूप बसलं. पडद्यावर तीस मिनिटांचा आकडा लागला. मग काहीच नाही. शिट्टी नाही, फुसफूस नाही. सुहासिनी त्या गप्प भांड्यासमोर उभी राहून नामस्मरण करू लागली. पण जिभेवर नाम आणि डोळ्यांपुढे रस्त्यावर घरंगळणारे टोमॅटो.

आणि हात सवयीने काम करत राहिले. रिकामा डबा तिने विसळला, वरचा कागद सोलून वेगळा ठेवला, डबा ओट्यावर पालथा घातला. धातूच्या कचऱ्यात टाकायचा तर असंच करावं लागतं. ही रीत तिला पहिल्या वर्षी एंदोआजींनीच शिकवली होती, हाताला धरून.

एंदोआजी अर्धा तास आधीच आल्या. "सुमिमासेन," म्हणजे माफ करा, म्हणत, मदत करते म्हणत त्या सरळ ओट्यापाशी गेल्या. कोबी चिरायला सुरी घेतली. आणि त्यांची नजर थांबली: पालथा डबा, शेजारी नीट घडी घातलेला कागद, कागदावर लालभडक टोमॅटोचं चित्र.

सुहासिनीला वाटलं, आता बोलतील. आता चेहरा बदलेल.

आजींनी डबा उचलला, आतून पाहिला, पुन्हा पालथा ठेवला. काहीतरी म्हणाल्या. कादंबरी दारात उभी होती, तिने हळूच सांगितलं, "म्हणतायत, छान धुतलाय."

वाचकहो, शाप दिला असता तर तिने सोसला असता. शिवी दिली असती तर परतवली असती. पण ही शाबासकी! या शाबासकीपुढे कुठली सबब उभी राहणार?

कादंबरीने काही सांगायला तोंड उघडलं. सुहासिनीने तिला हाताने थांबवलं. हे मुलीच्या तोंडून जाण्याजोगं नव्हतं. आपल्या मोडक्या, दुकानी जपानीत तिने एकेक शब्द गोळा केला. "एंदो-सान. यात तुमचे टोमॅटो नाहीत. आधीही नाही. कधीच नाही. मी टाकते. मला भीती वाटते. मुलीसाठी."

सुरी थांबली. आजी खुर्चीवर बसल्या. कुकरच्या पडद्याकडे बघत त्या सावकाश बोलल्या. कादंबरी मागोमाग मराठीत आणत गेली.

"म्हणतायत, त्यांची सूनही घेत नाही. नातवाला देत नाही. पण ती तोंडावर 'नको' म्हणते. म्हणतायत..." कादंबरी अडखळली.

"सांग."

"म्हणतायत, 'नको' ऐकलं की मी खोकं उचलून घरी जाते आणि रडते, आणि मग ते संपतं. तुम्ही वाकून घेता. मग मी भावाला फोन करते, की शेजारची इंडियन बाई आवडीने खाते. तो दर वर्षी तुमच्यासाठी चांगले चांगले वेगळे काढतो."

सुहासिनीने वाकून सिंकखालचं कपाट उघडलं, खोकं काढलं आणि टेबलावर ठेवलं. खरोखरच निवडलेले होते ते. एकाला डाग नाही, एकाला चीर नाही.

कुकरने बारीक 'पीप' केलं. उलथन्याच्या दांड्याने तिने वाफेची कळ वळवली. छताच्या दिशेने वाफ उसळली, झाकणावरचा दाबाचा खिळा खाली बसला, तेव्हा कुठे झाकण सुटलं. राजमा मऊ शिजला होता. तिने आधी कादंबरीची वाटी काढून बाजूला ठेवली. खोटं आता करायचं नव्हतं, आणि भीती गेली असं सोंगही करायचं नव्हतं. मग आजींसमोर उभं राहून तिने सहा टोमॅटो चिरले, भांड्यात टाकले, ढवळले. पुन्हा झाकण, पुन्हा कुलूप, पुन्हा पाच मिनिटं.

या वेळी तिने घड्याळाकडे पाहिलं नाही. आजींकडे पाहिलं. आजी खोक्याच्या कडेवरून बोट फिरवत होत्या.

जेवायला बसल्या. आजींनी हात जोडले, सुहासिनीनेही जोडले. दोघींनी आपापल्या भाषेत अन्नाला नमस्कार केला. पहिला घास घेताना सुहासिनीचा संशय काही उठून गेला नाही, तिच्या शेजारीच बसला. तिने त्याच्यासमोर खाल्लं. टोमॅटो गोड होते. तिखटाच्या खालून ती गोडी वर येत होती आणि डब्यातल्या आंबटपणाला बाजूला सारत होती.

"मला अजून," कादंबरीने रिकामी वाटी पुढे केली. तिच्या वाटणीची चिली संपली होती. उरली होती ती भांड्यातली.

सुहासिनीने डाव हातात घेतला, आणि एंदोआजींनी भांड्यावर आपला सुरकुतलेला तळवा आडवा धरला. "हे मोठ्यांचं," त्या म्हणाल्या. एवढं जपानी सुहासिनीला कळलं.

ती आजींच्या डोळ्यांत बघत राहिली. हा हात मायेने आला? की भावाच्या टोमॅटोवर या बहिणीच्याही मनात, खोल तळाशी, एक प्रश्न होता? डोळे ओले होते; त्यांत उत्तर नव्हतं. आणि सुहासिनीच्या ध्यानात आलं, की ही बाई साडेतीन वर्षं रोज हेच अन्न खात होती, हाच प्रश्न घेऊन, एकटी.

तिने आजींचा हात अलगद धरून बाजूला केला. अर्धा डाव भरला. थांबली. पुन्हा बुडवून पूर्ण भरला आणि कादंबरीच्या वाटीत ओतला.

"कराइ!" कादंबरी तोंडाने वारा घेत ओरडली. तिखट लागलं होतं तिला. "आई, पाणी!"

आजी पाणी आणायला उठल्या. फोन त्यांच्या पिशवीत होता. तो त्यांनी आधी काढला आणि गावाला, भावाला लावला.