कापूर, नारळ आणि एअरबॅग

खंडेनवमीच्या सकाळी आमचे प्लांट हेड आरतीचं ताट घेऊन प्रोपेलंट रूमच्या दारात उभे होते. ताटात निरांजन, कापूर, काडेपेटी, झेंडूची फुलं आणि नारळ. जो गार्ड रोज माझे खिसे उलटेपालटे करून बघतो, त्याने साहेबांना कडक सॅल्यूट ठोकून आत सोडलं होतं.

आमचा कारखाना घोटावड्याजवळ. आम्ही एअरबॅगचे इन्फ्लेटर बनवतो आणि मी तिथला केमिस्ट. लोकांना वाटतं, स्टिअरिंगमध्ये हवा भरून ठेवलेली असते. तसं नसतं. तिथे धातूचा छोटा डबा असतो, तोच इन्फ्लेटर. त्यात रसायनाच्या गोळ्या, म्हणजे प्रोपेलंट. गाडी जोरात आदळली की ठिणगी पडते, गोळ्या पेटतात आणि पापणी लवायच्या आत पिशवी वायूने भरते, बहुतांशी नायट्रोजनने. जळायला लागणारा ऑक्सिजनही गोळीतच असतो. म्हणजे एकदा पेटली की झाकून, कोंडून काही उपयोग नाही.

ती झटकन जळावी म्हणून त्यात चिमूटभर कॅटॅलिस्ट असतो. कॅटॅलिस्ट म्हणजे लग्न जमवणारा मध्यस्थ. दोघांची गाठ घालून देतो आणि स्वतः होता तसाच घरी जातो. आपल्या पोटातली एन्झाइम्सही हेच करतात, फक्त ती नाजूक. फार तापली की कायमची निकामी. आमच्या कॅटॅलिस्टला उष्णतेचं काही वावडं नाही.

"साहेब, आत आग नेता येणार नाही," मी म्हणालो.

"अहो, आग कसली? कापूर आहे. दोन मिनिटांचं काम. हेड ऑफिसला फोटो पाठवायचाय."

"आत पिंपं भरून माल आहे."

"मागच्या कंपनीत मी बॉयलरसमोर आरती केलीय!"

बॉयलरमध्ये आग आधीपासूनच असते, हे सांगायचा मोह मी आवरला.

आत गोळ्या पाडणाऱ्या प्रेसवर सुनंदाताई आणि त्यांच्या तिघी जोडीदारणी. गावच्याच सगळ्या. ताई दारात येऊन मला म्हणाल्या, "सायेब, करू द्या की. वर्साचा सण हाय. पुजल्याबिगर मशीन चालू करायचं बरं न्हाई वाटत."

"पूजा करा ताई, फक्त जाळ नको."

"दिव्याबिगर कसली वो पूजा?"

दोन्हीकडून नास्तिक मीच ठरलो. पण मी मनातून घाबरलो होतो, आणि संतापलोही होतो. ठिणगी उडाली असती तर साहेब फोटोसाठी दारापाशी असते. आत अडकल्या असत्या त्या चौघी.

"ठीक आहे साहेब," मी म्हणालो, "पण मुहूर्त टेस्ट सेलपासून करू." टेस्ट सेल म्हणजे शेडमागची जाड काचेची खोली. प्रत्येक बॅचमधले काही इन्फ्लेटर तिथे उडवून बघतात. पहिला मान मिळतोय म्हटल्यावर साहेब लगेच निघाले, मागोमाग ताई आणि गार्डही. ताट त्यांनी ताईंकडे दिलं, नारळ स्वतःकडे ठेवला. मी कानात घालायचे बोळे पुढे केले.

"गरज नाही," साहेब म्हणाले.

मी बटण दाबलं. काचेमागे एक इन्फ्लेटर धाडकन उडाला.

साहेब दोन पावलं मागे उडाले. नारळ हातातून सुटला आणि काँक्रीटवर फुटला. पाणी त्यांच्या बुटांवर.

"हे... किती गोळ्या होत्या?" त्यांनी विचारलं. चेहरा पांढराफटक.

"मूठभर."

साहेबांनी एकदा प्रोपेलंट रूमकडे बघितलं. ताईंनी ताटातली काडेपेटी उचलून गार्डच्या हातात कोंबली. "हे धर आन् गेटाभायेर ठिवून ये." मग साहेबांकडे वळल्या. "नारळ तर फुटला. परसाद हितंच वाटू का?"

आरती गेटबाहेर झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवून म्हटली. प्रेसला लांबूनच नमस्कार, कारण तिथल्या गोळ्यांना झेंडूची ओलही सोसत नाही. फोटो हेड ऑफिसला गेला. खाली ओळ होती, 'परंपरा आणि सुरक्षितता: प्लांट हेड यांची अभिनव संकल्पना'. त्या वर्षीचा सेफ्टी अवॉर्ड अर्थातच साहेबांना मिळाला.

माझी तक्रार नाही. चौघी संध्याकाळी हसत बसमध्ये चढल्या. कॅटॅलिस्टने काम घडवून आणावं आणि होता तसाच घरी जावं, हे मीच लोकांना शिकवत असतो. खोबऱ्याचा तुकडा मिळाला, तोही ताईंनी आठवणीने ठेवला म्हणून.