कागदावरचं इंजिन

अल्तमश मिस्त्रीच्या हाताखाली गेलेली वस्तू जशी गेली तशी परत आली, असं जळगावात कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. घरच्या कूलरला त्यानं पिठाच्या गिरणीची मोटर बसवली होती. कूलर सुरू झाला की भिंतीवरचं कॅलेंडर उडून स्वयंपाकघरात जाई. कूलरमधून निघालेली मोटर वाया कशाला घालवायची, म्हणून ती बायकोच्या शिलाई मशीनला लागली आणि ती मशीन एका दमात बाहीसकट खिसा शिवून मोकळी होई. हुस्नबानोनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्यानंतर शिवणकामच सोडलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही हे तिला लग्नानंतर महिनाभरातच कळलं होतं.

धंदाही खोडीला साजेसाच होता. अजिंठा चौफुलीच्या पलीकडे त्याचं गॅरेज. कोणाच्या गाडीचं इंजिन बसलं, की मालक नव्याचा भाव ऐकून घाम पुसत त्याच्याकडे येई. मिस्त्री बॉनेटमध्ये डोकं घाली, हातानं मापं घेई आणि म्हणे, "बसतंय." मग टेम्पोचं इंजिन जीपमध्ये बसे, जीपचं बँडवाल्याच्या गाडीत बसे, आणि कुठंच बसत नसे ते एखाद्या विहिरीवर पाणी उपसायला जाई. एक मात्र तो छातीवर हात ठेवून सांगे: कुठलंही इंजिन कुठंही बसवीन, पण इंजिनावर कोरलेल्या नंबराला हात लावणार नाही. ते काम चोराचं.

त्याची स्वतःची जीप आली तेव्हा पेट्रोलवर होती. फार शांत गाडी. एक वर्षसुद्धा त्याला ती शांतता सोसली नाही. एका पिकअपचं डिझेल इंजिन हाती लागलं आणि त्यानं जीपच्या पोटात ते घातलं. परवानगी बिरवानगीचा विचार करायला त्याला वेळ कुठला! निघालेलं पेट्रोल इंजिन त्यानं शिरपूरच्या पुढं, बोराडीच्या वाटेवरच्या कौतिक नानांना दिलं. नाना शेतकरी माणूस, दहा-बारा म्हशी बाळगून. मिस्त्रीनं ते इंजिन त्यांना गोबरगॅसवर चालवून दिलं आणि त्यावर कडबाकुट्टी जोडली. सातपुड्याच्या पायथ्याशी वीज पाहुण्यासारखी येते, त्यामुळे नानांना ते इंजिन घरच्या माणसासारखं झालं.

जीपच्या नोंदणी-पुस्तकात मात्र पेट्रोलच राहिलं. आजवर ते खपून गेलं. यंदा नोंदणीची मुदत संपत आली आणि गाडं अडलं. पीयूसीवाल्यानं गाडीचा नंबर टाकला तर संगणक म्हणाला पेट्रोल, आणि नळी लावली तर धूर डिझेलचा. आरटीओतल्या तरुण साहेबानं बॉनेट उघडायला लावलं. तो रागावला नाही, उलट खुर्ची दिली. "चाचा, कागदावरचं इंजिन गाडीत बसवा आणि आणा, मी लगेच तपासतो. पेट्रोलच्या जागी हे डिझेल नियमात बसत नाही. नाहीतर गाडी भंगारात द्यावी लागेल." आयुष्यभर बसवाबसवी करणाऱ्याला हे 'बसत नाही' फार लागलं. त्या दिवसापासून मिस्त्रीची झोप उडाली. जेवताना मध्येच उठून तो जीपला फेरी मारून येई. त्याचं नाव झालं ते या जीपमुळे. गिऱ्हाईक आलं की तो बोलत नसे, जीप दाखवी. ती भंगारात गेली तर गॅरेजच्या दारात दाखवायला काय उरणार?

आणि आणखी एक गोष्ट होती, ती तो कोणाला सांगत नसे. सदफच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या मुलीच्या लग्नापासून हुस्नबानो त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. भांडण नाही, अबोला नाही. भाकरी वेळेवर, चहा वेळेवर. पण पूर्वी रात्री उशीला डोकं टेकल्यावर जी गप्पांची चक्की चाले ती बंद पडली होती. मिस्त्रीला वाटे, लेक लांब गेली म्हणून हिचं मन उडालं. एकदा ती सहज म्हणाली होती, जीप पेट्रोलवर होती तेव्हा बरं होतं, बसून दोन शब्द बोलता येत होते. ते वाक्य त्यानं धरून ठेवलं होतं. आता पेट्रोल इंजिन परत बसलं तर जीपही वाचेल आणि बायकोही बोलती होईल, असा त्याचा हिशेब. बायको म्हणजे अडकलेला व्हॉल्व्ह नव्हे, हे त्याला कोण सांगणार?

नानांना फोन झाला. नाना म्हणाले, ये, पाहू. शुक्रवारी गॅरेज बंद ठेवून मिस्त्री निघाला. सदफ शिरपूरलाच दिलेली, म्हणून हुस्नबानोही निघाली. तिनं लेकीसाठी डबा भरून घेतला. दोघं घरात आपल्या उर्दू-खानदेशी मिसळीत बोलत; इथं ते सरळ मराठीतच सांगितलेलं बरं.

पण बोलणार कधी? डिझेलचा धडधडाट असा, की एरंडोल गेलं, पारोळा गेलं, दोघांत एक शब्द झाला नाही. एकदा हुस्नबानोचे ओठ हललेले त्यानं पाहिले आणि सवयीनं मान हलवली. गॅसवरचं इंजिन पुन्हा पेट्रोलवर आणायला धुळ्याच्या भंगारबाजारात त्याला एक जुना कार्बोरेटर घ्यायचा होता. तो घेतला, चहा मागवला, अर्धा सोडला, टायरला लाथ मारून पाहिली आणि पुन्हा स्टार्टर मारला. तापीच्या पुलावर त्याला उगीचच वाटलं की मागचं चाक वाजतंय. उतरून पाहिलं तर काही नव्हतं. हुस्नबानो पदर सावरून समोर बघत बसली होती.

नानांच्या शेतात गाडी थांबली, तेव्हा ते इंजिन चालूच होतं. म्हशींच्या गोठ्याआड, पत्र्याच्या छपराखाली, संथ घुमत होतं. धूर नाही, वास नाही. हुस्नबानो उतरली आणि जागच्या जागी उभी राहिली.

"तेच ना?" तिनं विचारलं.

"तेच," मिस्त्री म्हणाला. तिच्या चेहऱ्यावर जरासं हसू आलेलं पाहून त्याचा जीव भांड्यात पडला.

नानांची बायको सुंदरबाई पुढं आली. "ये वं बहीन, सावलीमा बस. चहा मांडस," म्हणत ती हुस्नबानोला निंबाखाली घेऊन गेली.

व्यवहार सोपा होता. जीपचं डिझेल नानांना, नानांचं पेट्रोल जीपला. मिस्त्रीनं इंजिन बंद करवलं, फडकं रॉकेलमध्ये बुडवून ब्लॉकवरचा, म्हणजे इंजिनाच्या धडावरचा चिकटा पुसला आणि तिथं कोरलेला नंबर पुस्तकातल्या नंबराशी ताडून पाहिला. मग पुन्हा पुसलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. एकही आकडा जुळेना.

"नाना, हे माझं इंजिन नाही."

नाना म्हशीला वैरण टाकत होते. तिथूनच म्हणाले, "तुनंच शे. तूच तं ब्लॉक बदला ना भो! इसरी गया का? तीन साल व्हई ग्यात. माले सांगे, हाऊ ब्लॉक कमजोर शे, मी दुसरा बसाडी देस. मी म्हनू, कसाले, चांगला चाली ऱ्हायना. पन तू ऐकस का?"

मिस्त्रीला आता सगळं आठवलं. कडबाकुट्टीचं पातं बसवायला म्हणून तो आला होता. काम लवकर झालं आणि हात रिकामे राहिले. पाचोऱ्याच्या भंगारवाल्याकडून आणलेला एक ब्लॉक गाडीत पडलेला होता. इंजिनाला काही झालेलं नव्हतं, नुसती हाताला खाज. हेड तेच ठेवलं, बाकी सगळं तेच ठेवलं, खालचा ब्लॉक तेवढा बदलला. आणि जुनं सामान मिस्त्रीचं, ही तर धंद्यातली रीतच. ती पाळून त्यानं निघालेला ब्लॉक जीपमध्ये टाकला आणि महिन्याच्या भंगारात पाचोऱ्याला विकला. तो केव्हाच वितळला असणार. कागदावरचं इंजिन जगात उरलं नव्हतं, आणि आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायला त्याला दुसरा कोणी लागला नव्हता.

नाना जवळ आले. मिस्त्रीचा चेहरा पाहून त्यांनाच वाईट वाटलं. "आते असं तोंड कसाले करस? तुनाकडे पंच शे ना? घासी टाक आनि जुना नंबर ठोकी दे. कोन देखस?" एवढं बोलून ते पॉलिश पेपर आणायला घरात गेले.

सुट्या भागांवर खुणेचे आकडे ठोकायच्या पंचांची पेटी हत्याराच्या खोक्यात तळाशी होती. मिस्त्रीनं आधी कानस काढली. ब्लॉकवर टेकवली. इतक्या वर्षांची बढाई आठवली आणि त्याला स्वतःची शरम वाटली, पण जीप डोळ्यांसमोरून हलेना. त्यानं एक हात मारला. पहिल्या आकड्याचं शेपूट पुसट झालं.

"काय करताय?" हुस्नबानो मागं उभी होती.

त्यानं सगळं सांगितलं. आपणच ब्लॉक बदलला ते, साहेब काय म्हणाला ते, जीप भंगारात जाईल ते. मग कानस खाली न ठेवताच म्हणाला, "आणि हे तुझ्यासाठीही चाललंय. पेट्रोल बसलं की गाडीत बोलता येईल. तू बोलत नाहीस आताशा."

हुस्नबानो दगडावर बसली. इंजिन बंद होतं, म्हशी रवंथ करत होत्या. "मला बोलायचं होतं ते बोलून झालं," ती म्हणाली. "याच गाडीत. सदफचं नक्की करायला शिरपूरला निघालो होतो ना, पारोळ्याच्या पुढं. मी सांगितलं, पोरीला फार्मसीला जायचंय, आदल्या रात्री माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडलीये, दोन वर्षं थांबा म्हणावं त्यांना. तुम्ही मान हलवली. मला वाटलं, चला, ऐकलं. आणि तिथं जाऊन तुम्ही तारीख ठरवली. पोरीला काय सांगू मी? सांगितलं, अब्बांना सगळं माहीत आहे, त्यांनी विचार करूनच ठरवलंय."

मिस्त्रीनं कानस खाली ठेवली. त्या दिवसाचं त्याला सगळं आठवत होतं. तिसऱ्या गिअरला येणारी घरघर आठवत होती, दुसऱ्या दिवशी बदललेलं बेअरिंग आठवत होतं. हुस्नबानोचे ओठ हललेले आठवत होते. शब्द एकही आठवत नव्हता.

"मला ऐकूच आलं नाही गं," तो म्हणाला. "खुदाची शपथ. या इंजिनाच्या आवाजात..."

सात वर्षं हुस्नबानो ज्याच्यावर रुसली होती तो बाप ऐकून न ऐकल्यासारखं करणारा होता. हा तर नुसताच बहिरा निघाला. तिला हसावं की रडावं ते कळेना.

"गाडी थांबवता येत होती," ती म्हणाली.

नाना पॉलिश पेपर घेऊन आले तेव्हा तो कानस फडक्यात गुंडाळत होता.

"का रे, ठोकस ना नंबर?"

"नाही, नाना. जीप इथं राहू द्या. भंगारवाल्याला मी आणीन, त्याआधी डिझेल इंजिन तुम्हाला काढून देईन, विहिरीवर कामाला येईल. आता शिरपूरला जातो, लेकीकडे. तिला अजून शिकायचंय का, ते विचारायचंय."

दोघांनी सडक पायीच गाठली. डबा त्यानं स्वतःकडे घेतला होता. शिरपूरकडे जाणारी एक डिझेल रिक्षा हात दाखवल्यावर थांबली. आत आधीच दोन बाया आणि एक म्हातारा होता. मिस्त्री आणि हुस्नबानो सरकून बसली. रिक्षाचा आवाज जीपलाही लाजवील असा. एरवी मिस्त्रीनं कान देऊन ओळखलं असतं की सायलेन्सर फुटलाय, आणि ड्रायव्हरला दुसरं इंजिन घालायचा सल्लाही दिला असता.

गाव जवळ आलं तसं हुस्नबानोनं त्याच्या बाजूला तोंड वळवलं. तिचे ओठ हलले. मिस्त्रीची मान सवयीनं हलू लागली होती. ती मध्येच थांबली. त्यानं पुढं वाकून ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला.

"भाऊ, बाजूला घे. बंद कर जरा."

"काय व्हयनं चाचा? उतरनं शे का?"

"नाही. ही काहीतरी बोलतेय."

बाया एकमेकींकडे बघून हसल्या. म्हातारा करवादला. ड्रायव्हरनं रिक्षा बाभळीखाली घेतली आणि इंजिन बंद केलं. हुस्नबानो एवढ्या लोकांसमोर संकोचली, पण मिस्त्री तिच्या तोंडाकडे बघत बसलेला पाहून तिनं आवाज खाली आणला आणि सांगितलं.

"तिला सासूसमोर नका विचारू. एकटीला विचारा."

"बरं," मिस्त्री म्हणाला. "आणखी?"