प्रेक्षक गॅलरीतल्या चार ओळी

अकोल्याच्या एका सरकारी शाळेत मी नागरिकशास्त्र शिकवत होतो, आणि माझी नेमणूक तात्पुरती होती. आमच्या घरातला सरकारी पगार घेणारा मी पहिला. बाबा अमरावतीकडे दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जायचे. धम्म घेतल्यापासून त्यांचं एकच सांगणं, ‘नोकरीले जप.’ कायम झाल्याचा हुकूम येईपर्यंत मी शिपायालाही आधी नमस्कार घालायचो. स्वभाव तापट, पण तो घरी ठेवून यायचो.

विधानसभेचा धडा आला की माझी पंचाईत व्हायची. पुस्तकात दीड पान, आणि मी तरी कुठे पाहिली होती? प्रसिद्धी खात्याची मोटार शाळेत येऊन धरणाचा आणि देवीच्या लशीचा सिनेमा दाखवून गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावरच्या एका चौकस मुलीने विचारलं, ‘गुरुजी, धरण दाखोते, त विधानसभा काहून नाई दाखवत?’

प्रश्न रास्त होता. मी मुख्याध्यापकांच्या सहीने अर्ज धाडला की शैक्षणिक उपयोगासाठी सभागृहाच्या एका दिवसाच्या कामकाजाचं चित्रीकरण करू द्यावं, शाळाशाळांतून ते दाखवता येईल. सही करताना ते म्हणाले, ‘तुमच्या पायी माझी बदली मेळघाटात होणार.’ उत्तर एका ओळीचं आलं, परवानगी देता येत नाही. सोबत नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाचा, प्रेक्षक गॅलरीचा एक पास होता. मुलांना चकित करायचं म्हणून मी वर्गात काही बोललो नाही आणि रजा टाकून निघालो.

दाराशी वही, पेन, पिशवी काढून घेतली. गॅलरीत दोन धिप्पाड माणसांच्या मधे असं बसवलं की अंग हलवायची सोय नव्हती. बोलायचं नाही, हसायचं नाही, कठड्यावर हात ठेवायचा नाही. खाली मात्र सगळं पुस्तकाबाहेरचं चाललं होतं. भांडण दोघांचं, पण दोघेही बोलायचे अध्यक्षांशी. अध्यक्ष उभे राहिले की बोलणारा अर्ध्या वाक्यावर खाली बसायचा. हे मुलांना सांगायलाच हवं होतं, आणि एक डोक्यात शिरलं की आधीचं निसटत होतं. खिशात पेन्सिलीचं थोटूक राहून गेलं होतं. खिशातल्याच चिवड्याच्या पुडीचा कागद मांडीवर धरून मी लिहायला लागलो. चार ओळी झाल्या असतील, तोच खांद्यावर हात पडला.

खालच्या एका खोलीत मला दीड तास बसवून ठेवलं. दार उघडंच होतं, पण उठायची माझी छाती होत नव्हती. नोकरी गेली, एवढंच डोक्यात घुमत होतं. शेवटी एक कारकून आला. त्याने कोरा कागद आणि माझंच पेन पुढे ठेवलं. लिहिल्याबद्दलची माफी लिहून द्यायची होती. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. शेवटचं वाक्य त्याने असं सांगितलं की आत पाहिलेलं व ऐकलेलं मी बाहेर कोणासही सांगणार नाही. खाली सही आणि शाळेचं नाव. मग तोच म्हणाला, ‘जा आता. चहा बाहेर मिळतो.’

आज कळतं, त्याने ते वाक्य उगाच जोडलं असणार. गॅलरीत बसलेला प्रत्येक जण घरी जाऊन सांगतोच. पण आमच्या घरात अंगठा सोडून सही करणाराही मीच पहिला. सही केली की मोडायची नाही, एवढंच आम्हाला ठाऊक. बाबांना सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला. ‘लिहून देल्लं न? मंग तोंड उघडू नको. तो कागद कुठं जाईन, तुले काय मालूम?’

मी तोंड उघडलं नाही. फेब्रुवारीत शाळा तपासायला इन्स्पेक्टर येणार म्हणून मुलांनी वर्गात विधानसभा भरवली. ती चौकस मुलगी अध्यक्ष झाली. मंत्री आणि विरोधक एकमेकांच्या अंगावर ओरडत होते, ती उभी राहिली तरी कोणी बसत नव्हतं. एका वाक्यात सगळं सरळ झालं असतं. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि स्वतःचाच राग येत होता. इन्स्पेक्टर खूश होऊन गेले.

माझा कायमचा हुकूम त्याच्या आदल्या आठवड्यात आला होता. तो आला की जीभ मोकळी होईल, असं मला वाटायचं.

बाकं जागेवर लावताना तिने विचारलं, ‘गुरुजी, खरी सभा अशीच भरते काय? तुमी पाह्यली?’

‘नाही,’ मी म्हणालो.

तिला माझी दयाच आली असावी. ‘मी मोठी झाली का पाहून येईन,’ ती म्हणाली, ‘मंग तुमाले सांगीन.’

मी बरं म्हणालो.