दुसरं बोलावणं

त्या वर्षी माझा मोठा भाऊ तुरुंगात होता आणि जेवत नव्हता. रिकाम्या पोटी गोळ्या देता येत नव्हत्या, आणि गोळ्या गेल्याशिवाय त्याचं डोकं ताळ्यावर येणार नव्हतं. मुलाकातीला तो जाळीपलीकडे येऊन बसायचा तेव्हा गालफडं आत गेलेली असायची, अंगातला सदरा खुंटीला टांगल्यासारखा लोंबायचा. मला पाहून हसायचा मात्र घरी पाहुणा आल्यासारखा. मी अनसिंगला शाळेत शिकवते, दिवसभर पोरांवर ओरडते, पण त्या जाळीसमोर नुसती त्याची हाडं मोजत बसायची.

तो आत कसा गेला ते सांगते. शिरपूरजवळच्या आमच्या गावात लग्न असो, बारसं असो की तेरवी, जेवणाचं आवतन सांगायचं काम दादाकडे. कोणाकडे घरटी एका माणसाचं आवतन, कोणाकडे चूलबंद, म्हणजे त्या घरी चूल पेटवायचीच नाही, सगळ्यांनी जेवायला यायचं. हे सगळं त्याला तोंडपाठ, आणि एक घर चुकायचं नाही. स्वयंपाक झाला की पुन्हा दारोदार जाऊन 'चाला जेवाले' म्हणायचं, ते दुसरं बोलावणं. आमच्याकडची जुनी माणसं आवतन घेतात, पण दुसरं बोलावणं आल्याशिवाय जागची उठत नाहीत, पोटात कावळे ओरडले तरी. दादा तर त्यांच्याही वरताण. मी त्याला चिडवायची, "नवरदेव नसला तं चालंन, पण तू पायजे बाप्पा मांडवात."

त्याचा आजार जुना होता. गोळ्या चालू असल्या की तो तुमच्या-आमच्यासारखा. पण बरं वाटलं की गोळ्या सोडायचा, आणि आम्हालाही वाटायचं, आता कशाला. त्या उन्हाळ्यात त्याच्या कानात आवाज बोलू लागले आणि त्यांनी त्याला आवतन सांगायला धाडलं. शेजारच्या वस्तीत घरोघर जाऊन त्यानं चूलबंद आवतन दिलं. गोवरीवर भाजलेले रोडगे हायत, वांग्याची भाजी हाय, सगळे या. दादाच्या शब्दावर संशय कोण घेणार? लोकांनी चुली पेटवल्या नाहीत. दिवेलागणीला लेकराबाळांसकट आमच्या दारात आले, तर दारात ना मांडव ना धूर. आई बिचारी परातीत पीठ घेऊन नुसती उभी राहिली. उपाशी माणसाचा राग वाईट. एकानं दादाच्या कानाखाली वाजवली, दादानं हाताला लागलेली काठी उचलली आणि त्या माणसाचं डोकं फुटलं. माणूस वाचला, ही देवाची कृपा. दादा कच्चा कैदी झाला.

आत सुरुवातीला लोकांना वाटलं, सोंग करतो. मग वाटलं, जेवणात विष आहे असा संशय घेत असेल. मनाच्या आजाराच्या डॉक्टर आठवड्यातून एकदा यायच्या, वयानं माझ्याहून लहान. त्यांनी सरळ त्यालाच विचारलं. "नाई, सैपाक चांगलाच असंन," एवढंच तो म्हणाला. मग त्यांनी मला बोलावून घेतलं.

"ताई, घरी कसे जेवतात ते?"

"सगळे जेवतात तसाच. तोंडानं," मी फटकन म्हणाले. माझी जीभ तशी तिखट, आणि त्या दिवशी तर कोणी गोड बोललं तरी भांडले असते.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "जेवणाची घंटा झाली की हातपाय धुतात, केस नीट करतात, आणि मांडी घालून बसतात. दाराकडे पाहत. ताट पुढे ठेवलं तरी दाराकडेच पाहतात. असं का, ते कळत नाही."

मला तिथेच रडू कोसळलं. तो वाट पाहत होता. परक्याचं घर, आवतन नाही, बोलावणं नाही, आणि हा भला माणूस घंटेवर उठून ताटावर बसणार होता होय? घंटा तर शाळेची पण होते.

त्याला आधी आवतन द्या, मग बोलवायला जा, असं मी सांगितलं तेव्हा दारातला शिपाई हसला. "बाई, हे काय लगनघर हाय?"

"तुमाले हसू येऊन राह्यलं, भाऊ. माझा भाऊ मरून राह्यला," मी म्हणाले. त्यानं स्टूल माझ्याकडे सरकवलं. डॉक्टर म्हणाल्या, करून पाहायला काय हरकत आहे.

दादाच्या बराकीत किन्हीराजा गावाकडचा एक म्हातारा कैदी होता. त्यानं ते अंगावर घेतलं. संध्याकाळी दादासमोर उभा राहून म्हणाला, "उद्या आपल्याकडं जेवाचं आवतन हाय." दुसऱ्या दिवशी घंटा झाल्यावर परत गेला. "चाला भाऊ, जेवाले चाला. पंगत बसली." दादा उठला, पंगतीत बसला आणि पोटभर जेवला. जेवणावर गोळी दिली, ती मुकाट्यानं घेतली. हे सगळं मला त्याच शिपायानं सांगितलं.

आवतनानं आजार बरा होत नाही, गोळ्यांनीच होतो. हे मी आता ज्याला-त्याला ठणकावून सांगते. पण गोळी पोटात जायला आधी घास जावा लागतो, आणि दादाचा घास त्या म्हाताऱ्याच्या हाकेला अडला होता. पुढे कितीतरी दिवस तो म्हातारा दोन्ही वेळा हाक मारत राहिला. त्याचे उपकार कसे फेडावेत, मला अजून कळत नाही.

पावसाळा सरता सरता एका मुलाकातीला दादा हसला नाही. जाळीला तोंड लावून बसला. डोळे ओळखीचे दिसले, माझ्या लहानपणीचे.

"काय व बाई, त्या दिवशी लोकं उपाशीच गेले काय?"

इतके दिवस मी हाच दिवस मागत होते. त्याच्याशी खोटं बोलणं मला कधी जमलं नाही. "गेले," मी म्हणाले.

"लेकरं बी?"

"लेकरं बी."

तो रडला. कित्येक महिन्यांनी त्याला नीट रडताना पाहत होते. मीही रडले, पण खरं सांगते, मला आतून फार बरं वाटत होतं.

मग सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसून म्हणाला, "सुटलो का त्यायले जेवाले घालू. रोडगेच करू. ज्याचं डोस्कं फुटलं त्याले पयलं पान."

"करू ना. रोडगे मी करते. आवतन मी आताच देऊन येते."

"पण येतीन काय व ते? माह्या शब्दावर?"

शिपाई वेळ झाली म्हणून खुणावत होता. मी जाळीवर हात ठेवला.

"आवतनावर नाई येनार," मी म्हणाले. "दुसरं बलावणं कराले तू जाशीन, तवा येतीन."