आग काढणारा माणूस

दुकानात कोणी फुटाणे घ्यायला आलं, की आमचे शेजारी फुटाणेवाले आधी त्याच्या कपाळावर उलटा हात ठेवायचे. "गरम नाई ना?" असं विचारून डोळे मिटून अंदाज घ्यायचे आणि मगच मापाकडे वळायचे. ज्याचं कपाळ जरा कोमट लागे, त्याला फळीपासून लांब, पार रस्त्यापलीकडे उभं राहावं लागे. अशा गिऱ्हाइकांसाठी त्यांनी एका लांब बांबूला टिनाचा डबा बांधून ठेवला होता. फुटाणे त्या डब्यातून रस्ता ओलांडायचे.

एकदा नव्यानं बदलून आलेले फौजदार स्वतः आले. त्यांच्याही कपाळावर हात गेला. फौजदाराच्या कपाळाला हात लावणारा माणूस मेहकरात तोवर जन्मला नव्हता. फौजदार इतके गांगरले, की खरं बोलून गेले. "परवा जरा सर्दी झाली होती," ते म्हणाले.

"मंग तिकडं उभे राहा साहेब."

आणि फौजदार खरंच रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले. टोपी काढून त्यांनी तीत फुटाणे घेतले.

तुम्ही म्हणाल, हा माणूस खुळा असणार. आम्हीही तेच म्हणायचो. पण त्या खुळाची सुरुवात कुठे झाली हे मला माहीत होतं, कारण सुरुवातीला मी तिथे हजर होते.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. शेर जाऊन किलो आला होता आणि बाजारात रोज त्यावरून भांडणं व्हायची. मी मुलींच्या शाळेत शिक्षिका होते आणि त्यांच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचे. त्यांच्या घराच्या ओसरीतच भट्टी होती. कढईत वाळू तापलेली, हातात झारा, आणि खाली जाळाला कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या सारायला त्यांची बायको गोदा. सगळा धूर घरात. गोदा बारा महिने खोकायची. आम्हाला तो खोकला इतका सवयीचा झाला होता, की तो थांबला की आम्ही दचकायचो.

गोदाचं पहिलं मूल सातव्या महिन्यातच आलं आणि गेलं. दुसरं दिवस भरत आले तेव्हा आलं, पण खारीएवढं. अंगावर प्यायचं, पण अंग धरायचं नाही. महिना-दीड महिन्यात तेही गेलं. गल्लीतल्या बायका काय काय बोलायच्या. कोणी दृष्ट म्हणे, कोणी गोदाचा पायगुण काढी. ते मात्र कोणाला काही म्हणायचे नाहीत. झारा कढईत जरा जास्त जोरानं आपटायचे, एवढंच.

तिसऱ्या खेपेला गोदाला दिवस गेले, तेव्हा ते माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"बाई, दवाखान्यात चालता का? मंडळीले दाखवाचं हाय. नवी डाक्तरीण पुण्याची हाय म्हन्ते. तिचं बोलणं मले समजत नाई. तुमी मराठीचं मराठी करून सांगा."

त्या काळी नवरा स्वतः बायकोला दवाखान्यात घेऊन जाई, हेच गल्लीला नवल होतं. ते पुढे, आम्ही दोघी मागे, अशी आमची वरात निघाली. ओट्यावरून कोणीतरी ओरडलं, "पाहा बे, बायकोचा बैल चालला!"

ते वळले. "बैल त बैल," ते म्हणाले. "गाडी पोचली पाह्यजे."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मन लावून बोलणाऱ्या. त्यांनी आधीच्या दोन बाळंतपणांची सगळी हकिगत विचारली. दोन्ही वेळा गोदाला महिनोन्‌महिने बारीक ताप होता हे ऐकून त्या म्हणाल्या, "यांच्या शरीरात कुठेतरी दाह असावा."

"दाह म्हंजे?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी तोंड उघडायच्या आत डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, "आग म्हणा ना. कुठे सूज असते, कुठे पू असतो, कुठे छातीत धूर बसलेला असतो. शरीर त्याच्याशीच भांडत राहतं, मग बाळाला पोसायला ताकद उरत नाही. असं मूल वेळेआधी येतं, नाहीतर पोटातच खुरटतं. जन्मल्यावरही त्याची वाढ नीट होत नाही. ती आग कुठे आहे ते शोधून काढायला हवी."

एवढ्या बोलण्यातून फुटाणेवाल्यांनी एकच शब्द उचलला. बाहेर आल्यावर त्यांचा चेहरा कित्येक महिन्यांनी मोकळा दिसला.

"सोपं हाय बाई," ते म्हणाले. "आगीचा तं आपला धंदाच हाय. काढून टाकतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओसरीतली भट्टी फोडली आणि वाड्याबाहेरच्या पडीक जागेत नवी घातली. पऱ्हाट्या सारायला स्वतः बसू लागले. तिसऱ्या दिवशी घरातली चूल गेली. गोदाचा स्वयंपाक माझ्या चुलीवर होऊ लागला. भाकरी झाल्या की त्या आधी भिंतीवर गार व्हायच्या आणि मगच त्यांच्या उंबऱ्याच्या आत जायच्या. मग मिरची गेली. मग दिवा गेला. म्हणजे दिवा लागायचा, पण अंगणातल्या लिंबाला टांगलेला. त्याचा जेवढा उजेड खिडकीतून आत जाईल, तेवढ्यात गोदानं वावरायचं.

'आग' हा शब्दही घरात बंद झाला. "पोटात आग पडली" असं म्हणणाऱ्या एका पाहुण्याला त्यांनी जेवायला अंगणात बसवलं. दुकानात गिऱ्हाइकांच्या कपाळाला हात लावणं सुरू झालं तेही याच दिवसांत.

आणि मग सोनाळ्याहून गोदाचा भाऊ आला. तापट माणूस. बहिणीला भेटायला एवढ्या लांबून एस.टी.चे धक्के खात आलेला. त्याला त्यांनी दारातच अडवलं.

"भाऊसाहेब, तुमचं डोकं गरम हाय. मंडळीले सोसाचं नाई."

"माह्यं डोकं?" भाऊ ओरडला. "माह्यं डोकं काऊन गरम हाय म्हन्ता? मी तं हासत आलो!"

"आता पाहा, वाढून राह्यलं."

भाऊ आणखी ओरडला. त्यावर त्यांनी शांतपणे रांजणातला तांब्या भरला आणि मेव्हण्याच्या डोक्यावर ओतला. नंतर स्वतःच्या उपरण्यानं त्याचं डोकं पुसलं, उलटा हात कपाळाला लावला आणि म्हणाले, "आता जा. आता बेस हाय." भाऊ मुकाट्यानं आत गेला. गोदा पदरात तोंड घालून हसत होती की रडत होती, हे मला आजही सांगता यायचं नाही.

या सगळ्या खुळात एक गोष्ट मात्र खरी झाली. गोदाचा खोकला गेला. घरात धूरच नव्हता, तर खोकला कुठून राहणार? तिच्या तोंडावर तुकतुकी आली. डॉक्टरीणबाईंनी तपासून "छान!" म्हटलं आणि काय केलंत म्हणून विचारलं. "आग काढली," ते म्हणाले. बाईंना वाटलं, हा गृहस्थ गंमत करतो आहे.

माझ्या चुलीपुढे बसलेली गोदा हल्ली एकाच बाजूनं घास चावते, हे माझ्या लक्षात आलं ते सहावा संपता संपता. गालात लवंग धरलेली असायची. मी विचारलं, तर तिनं माझा हात घट्ट धरला.

"दाढ हाय, बाई. लय दिवसाची हाय. पन त्यायले सांगू नका. त्यायले समजलं तं भट्टीच बंद करतीन. मले विहिरीत नेऊन बसवतीन."

"वेडी आहेस. उद्याच दवाखान्यात जाऊ."

ती हो म्हणाली. पण उद्या उजाडला तेव्हा तिचा गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता, अंग फणफणत होतं आणि ओटीपोटात कळा सुरू झाल्या होत्या. सातवा नुकताच लागला होता. मी हाका मारल्या. ते भट्टीवरून झारा हातात घेऊन तसेच धावत आले.

आता ही गोष्ट लक्षात घ्या. या माणसानं अख्ख्या मेहकराच्या कपाळाला हात लावला होता. एस.टी.च्या ड्रायव्हराच्या, गल्लीतल्या म्हशीच्या, फौजदाराच्या. पण चारचौघांत स्वतःच्या बायकोच्या कपाळाला हात लावायचा नाही, अशी तेव्हाची रीत. रोज ते मलाच विचारायचे, "बाई, जरा पाहून सांगता का, गरम नाई ना?" आणि गोदा मी येण्याआधी कपाळावर ओला फडका फिरवून ठेवायची, हे मला मागाहून कळलं.

त्या सकाळी गल्ली गोळा झाली होती. सगळ्यांसमोर त्यांनी झारा टाकला आणि तिच्या कपाळावर हात ठेवला. उलटा नव्हे, सुलटा, पुरा तळवा. मग तिला उचललं, हरभऱ्याची पोती आणायच्या हातगाडीवर निजवलं आणि गाडी बाजारातून पळवली.

"सरका! सरका! आग हाय, आग!"

लोकांनी ऐकलं ते एवढंच. फुटाणेवाला पळतो आहे आणि आग म्हणतो आहे, म्हणजे भट्टी पेटली असणार. हॉटेलवाल्यानं पिंप उचललं. बोहऱ्याच्या दुकानातल्या विकायच्या बादल्या हौदात बुडाल्या. पखालवाले चाचा पखाल खांद्यावर टाकून धावले. मी हातगाडीला धरून पळत होते आणि आमच्यामागे सगळा बाजार पाणी सांडत येत होता. दवाखान्याच्या पायरीवर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, तर समोर बादल्या घेतलेला जमाव.

"कुठे आहे आग?" जमावानं बाईंनाच विचारलं.

"हिच्यात," ते म्हणाले आणि गोदाकडे बोट दाखवलं. पहिल्या रांगेतल्या एकानं विचार न करता बादली रिकामी केली. ती निम्मी बाईंवर गेली.

बाईंनी भिजल्या अंगानं गोदाचं तोंड उघडून पाहिलं. दाढ पार किडलेली, हिरडीत पू. त्यांनी दाढ काढली, इंजेक्शनं दिली आणि गोदाला तिथेच खाटेवर पडून राहायला सांगितलं. कळा थांबतील की नाही, हे त्यांनाही सांगता येईना. जमाव दुपारपर्यंत अंगणात बादल्यांवर बसून राहिला. कोणी घरी जाईना. संध्याकाळी कळा थांबल्या, तेव्हा पखालवाल्या चाचांनी "या अल्लाह" म्हणून पखाल मोकळी केली आणि दवाखान्याची सगळी फुलझाडं भिजवून टाकली.

ती दाढ बाईंनी त्यांना दाखवली. त्यांनी ती तळहातावर घेतली.

"एवढीशी? हिनं माह्ये दोन लेकरं नेले?"

"हिनंच नेली असं मी म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. "धूर होता, ताप होता. आता सांगता यायचं नाही. पण तुम्ही धूर काढलात आणि ही आज निघाली. यापुढचं बघू."

ते गोदाजवळ जाऊन उकिडवे बसले. "काऊन सांगतलं नाई?"

"तुमच्या भेवानं."

"मी कधी हात उगारला तुह्यावर?"

"मारनाऱ्याचं भेव कमी असते," गोदा सुजलेल्या तोंडानं म्हणाली. "तुमी काळजी करता."

त्यांनी उपरणं ओलं केलं आणि तिच्या गालावर धरलं.

मुलगी झाली. दिवस थोडे बाकी होते, चणही लहानच, पण तिनं असा टाहो फोडला की भिंतीपलीकडे मी वह्या तपासत होते त्या हातातून गळून पडल्या. घरात चूल परत आली, दिवा परत आला. भट्टी मात्र त्यांनी बाहेरच ठेवली. हळूहळू पोरीनं अंग धरलं. आधी मनगटाला वळी पडली, मग मांडीला.

आणि त्यांचं नवंच सुरू झालं. दिसेल त्याच्या हातात ते पोरगी द्यायचे. "धरून पाहा, जड हाय ना?" गिऱ्हाईक म्हणू नका, वाटसरू म्हणू नका. किलोवर कोणाचा विश्वास नव्हता, त्यांचाही नव्हता. त्यांना माणसाच्या तोंडून ऐकायचं असे. शेजारच्या खेड्यातून भाजी घेऊन आलेली एक बाई डोक्यावरची पाटी सावरत पोरीला एका हातानं उचलून 'जड हाय' म्हणून गेलेली मला आठवते.

पुढे माझी बदली झाली. नंतर मेहकरला जाणं झालंच नाही. ते गेले हेसुद्धा मला फार उशिरा, दुसऱ्याच एका कामासाठी आलेल्या माणसाकडून कळलं. त्यामुळे माझ्याजवळ त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते बदलीच्या दिवसाचं, एस.टी. स्टँडवरचं.

मी खिडकीशी बसले होते. ते पोरीला घेऊन पोचवायला आले होते. "बाई, आखरीचं पाहून घ्या," म्हणत त्यांनी ती खिडकीतून माझ्या मांडीवर दिली. तेवढ्यात कंडक्टरनं घंटी दिली आणि गाडी सुटली.

मी ओरडले. गाडीतले सगळे ओरडले. ते गाडीबरोबर धावू लागले. माझा समज झाला, ते "थांबवा" म्हणत आहेत. कान देऊन ऐकलं, तर धापा टाकत विचारत होते, "जड हाय ना, बाई? जड हाय ना?"

गाडी नाक्यावर थांबली. कंडक्टर चिडून माझ्याकडे आला, त्यानं पोरीला उचललं आणि दाराकडे नेता नेता त्याची कंबर वाकली.

"लय जड हाय बाप्पा पोट्टी!"

खाली रस्त्यावर ते दोन्ही हात पुढे करून उभे होते. पण त्यांनी पोरगी लगेच घेतली नाही.

"काय म्हनलं?" ते कंडक्टरला म्हणाले. "अजून एकडाव सांग."